टप खाली असतानाही ऐकू येईल असा साऊंड : जुन्या एमएक्स-५ मधल्या अपग्रेडचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा एका डब्यातून निघालेल्या एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये, पूर्ण सेटअपचा आहे. कन्व्हर्टिबलमध्ये, म्हणजे कापडी टप (छप्पर) मागे दुमडता येणाऱ्या गाडीत, एकटा स्पीकर चांगला की टुकार हे सांगून काही उपयोग नसतो, कारण तोच स्पीकर टप लावलेला असताना मस्त वाजतो आणि टप खाली केला की निम्मा गायब होतो. गाडी आहे माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९८९ ते १९९७ वाली, वर येणारे हेडलाइट, दोन सीट आणि मागे काहीही नाही. पण खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठल्याही छोट्या टू-सीटर उघड्या गाडीला लागू होतं, कारण प्रॉब्लेम सगळीकडे तोच आहे, जागा नाही आणि डोक्यावर छप्पर नाही.

आता बसवलेलं सामान असं : डॅशमध्ये सिंगल डिन (एका खणाच्या मापाचं) ब्लूटूथ हेडयुनिट म्हणजे स्टिरिओ, दारांत साडेसहा इंची कोअॅक्सिअल (वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर ज्यात आतच असतो असे स्पीकर), डिकीत चार चॅनेलचा छोटा क्लास-डी अॅम्प (स्पीकरला जोर देणारा अॅम्प्लिफायर), दोन्ही हेडरेस्टमध्ये अडीच इंची स्पीकर, आणि पॅसेंजरच्या पायाशी पायोनियरचा टीएस-डब्ल्यूएक्स१३०डीए हा चपटा सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर). यातल्या कशाने किती फरक पडला ते सांगतो, आणि क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवलाय कारण माझ्या मते लोक खर्चाचा क्रमच चुकीचा लावतात, आधी सबवूफर घेतात, मग मोठे स्पीकर, आणि अॅम्पचं नाव शेवटी निघतं.

पहिल्यांदा हे समजून घ्या की उघड्या गाडीत नक्की जातं काय. बंद गाडीत केबिन लहान असल्यामुळे खालचा बेस आपोआप वाढतो, कारण अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर त्या छोट्या बंद जागेतली सगळी हवाच दाबतो-सोडतो, म्हणून छोट्या गाड्यांत साधा सबपण धमाल करतो. टप काढला की ही फुकटची मदत बंद. वरून वाऱ्याचा आवाज येतो तो प्रामुख्याने खालच्या सुरातला असतो, म्हणजे नेमका बेस आणि खालचा मिड तोच गिळतो. वरचे सूर, झांज, हाय-हॅट वगैरे, ते सरळ रेषेत जातात आणि दारातला स्पीकर बघत असतो तुमच्या पोटरीकडे, त्यामुळे ते सीटच्या कापडात आणि पायात मुरतात. उरतं काय, तर मधला पट्टा, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ, जिथे माणसाचा आवाज आहे, गिटार आहे, सॅक्सोफोन आहे. लढाई जिंकायची असेल तर ती इथेच जिंकता येते. बेससाठी उघड्या गाडीत कितीही वॅट ओता, वारा ते घेऊन जातो.

आणि वॅटचं गणित पण जरा बघा कारण बॉक्सवरचे आकडे बघून लोक जाम फसतात. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कळेल न कळेल एवढा. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. हेडयुनिटवर ५० गुणिले ४ असं ठळक छापलेलं असतं ते मॅक्स असतं हो, सतत देता येणारी खरी पॉवर, तिलाच आरएमएस म्हणतात, ती बहुतेक वेळा विसाच्या आतबाहेर असते. विकत घेताना सीटीए-२००६ (पॉवर मोजायचं मानक, पूर्वीचं सीईए-२००६) असा शिक्का असलेला आकडा बघायचा, त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, एक टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन ठेवून मोजलेली पॉवर असते, बाकी सगळे आकडे कविता समजा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला तो किती आवाज देतो, ती मात्र कोणी बघतच नाही. ८७ डेसिबलवाला आणि ९३ वाला यांच्यात ६ डेसिबलचा फरक, म्हणजे ९३ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी चौथा हिस्सा पॉवर पुरते. मी स्पीकर निवडताना ब्रँडपेक्षा हाच आकडा आधी बघितला आणि त्याचा फायदा झाला.

दारांपासून सुरू करू. स्पीकर बदलण्याआधी दार उघडून बघा, माझं उघडल्यावर आत प्लास्टिकचा कागद होता तो काळ्या चिकट बुटीलच्या (एक प्रकारच्या रबराच्या) दोरीने चिकटवलेला, आणि ती दोरी एवढ्या वर्षांनीही बोटाला लागली की दोन दिवस जात नाही, कपड्याला लागली तर कपडा गेला. ती गरम असताना ओढू नका, तार तार होते, थंड असताना पातळ पात्याने हळूहळू कापत गेलं की कागद न फाटता निघतो. हा कागद फेकून देऊ नका प्लीज, काचेच्या फटीतून आत येणारं पाणी याच कागदामुळे दारातच राहतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, कागद नसेल तर ते थेट तुमच्या दाराच्या पॅनेलवर येतं आणि पॅनेल फुगतं. आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट) लावताना ती खालची भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर दारात पाणी साठून पत्रा गंजतो.

डॅम्पिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक अख्खं दार चांदी लावल्यासारखं मढवून टाकतात, गरज नाही. दोन मिलिमीटरची बुटील शीट, बाहेरच्या पत्र्याच्या आतून स्पीकरच्या बरोबर मागे, आणि आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करायला, बस. रोलरने मात्र नीट दाबायची, वरचा नक्षीचा पॅटर्न सपाट होईपर्यंत, नुसती हाताने चिकटवली तर उन्हाळ्यात सुटते. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की बेस कॅन्सल होतो, म्हणून भोकं बंद करण्याचा फायदा शीटच्या वजनापेक्षा जास्त असतो. हे काम झाल्यावर जुन्याच स्पीकरचा आवाज सुधारला, दार बंद करतानाचा डबा वाजल्यासारखा आवाज गेला, आणि यात पैसा सगळ्यात कमी गेला.

स्पीकर कोअॅक्सिअल घेतले, कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा असलेले) नाही. बंद गाडी असती तर वेगळा ट्वीटर आरशाच्या मागच्या तिकोनात बसवणं नक्कीच चांगलं, इथेही काही जण बसवतात आणि छान लागतं म्हणतात, पण या गाडीत हेडरेस्ट स्पीकर येणार होते म्हणून मी साधा मार्ग घेतला. कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडेला रबर, कागदी कोन अजिबात नको, दारात दमटपणा असतो आणि वर टप उघडा म्हणजे एखाद्या सरीत भिजणं आलंच. काही जण सरळ बोटींसाठीचे मरीन स्पीकर टाकतात, ऊन आणि पाणी दोन्हीला तयार केलेले असतात, आयडिया वाईट नाही, फक्त जाळी बऱ्याचदा पांढरी येते आणि ती काळ्या पॅनेलवर फार उठून दिसते. मापाच्या बाबतीत सावध राहा, साडेसहा इंच बसतो म्हणून कुठलाही साडेसहा इंच बसत नाही, मागचा मॅग्नेट खोल असेल तर काच खाली येताना त्याला घासते. ऑर्डर करण्याआधी काच पूर्ण खाली करून खोली मोजा आणि लागली तर स्पेसर रिंग घ्या, लाकडाची नको, प्लास्टिकची घ्या.

आता खरी मजा, अॅम्प. माझ्या मते या सगळ्या उद्योगात सर्वात मोठी उडी इथे मिळाली, आणि ती नुसती जोर वाढल्यामुळे नाही तर हाय-पास फिल्टरमुळे. दारातल्या स्पीकरला १०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवायचंच नाही असं ठरवलं की तो बेस काढायच्या धडपडीतून सुटतो, कोन पुढेमागे हापसत नाही, आणि वाचलेला सगळा जोर मधल्या पट्ट्यात लावतो. हायवेवर टप खाली असताना गाणाऱ्याचे शब्द कळायला लागले ते या एका स्विचमुळे. पूर्वी व्हॉल्यूम वाढवला की फरफर सुरू व्हायची, आता तेवढ्याच व्हॉल्यूमला स्वच्छ वाजतं आणि अजून वर जागा आहे.

क्लास-डी का, तर गरम कमी होतो आणि आकार पुस्तकाएवढा. जुन्या एबी क्लासचे अॅम्प निम्मी वीज उष्णतेत घालवतात, क्लास-डी ८० टक्क्यांच्या वर काम करतात, आणि जुन्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर काही फार दांडगा नसतो तेव्हा हे महत्त्वाचं. ज्यांना डिकीपर्यंत वायरी ओढायच्याच नाहीत त्यांच्यासाठी अल्पाइनच्या केटीपी-४४५ सारखे पॉवर पॅक (छोटे अॅम्प) आहेत, ४५ वॅट आरएमएस गुणिले ४, डॅशच्या मागेच मावतात. जागेच्या मानाने भारी चीज आहे. मी घेतला नाही कारण या गाडीचं एक सिक्रेट आहे, बॅटरी डिकीत आहे! पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत, तिसऱ्या पिढीपासून ती इंजिनकडे गेली. त्यामुळे इतर गाड्यांत बॅटरीपासून फायरवॉलमधून भोक पाडत अख्खी गाडी ओलांडून जाड केबल आणायची जी कटकट असते ती इथे नाहीच, अॅम्प डिकीत, बॅटरी डिकीत, मीटरभर वायर, काम खल्लास.

तरी फ्यूज लावायचा म्हणजे लावायचाच, बॅटरीपासून जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरच्या आत. लोक म्हणतात वायरच छोटी आहे फ्यूज कशाला, अरे बाबा तो फ्यूज अॅम्पला वाचवायला नसतो, वायर पत्र्याला लागली तर गाडी वाचवायला असतो. ५० वॅटच्या चार चॅनेलला फुल जोरात साधारण १८ अँपिअर लागतात, गाण्यात त्याच्या कितीतरी कमी, म्हणून ८ गेजची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरला. वायर घेताना शुद्ध तांब्याची घ्या, स्वस्तातल्या किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यात जाडी दाखवायला वर रबराचा थर फुगवलेला. सोलून टोक खरवडलं की आतून चांदीसारखं दिसतं, लगेच कळतं. आणि या गाडीची बॅटरी बदलायची वेळ आली तर नळीने वायू बाहेर सोडता येईल अशीच घ्या, डिकी बंद जागा आहे, साधी बॅटरी तिथे कोंबू नका.

अर्थिंगसाठी डिकीतल्या पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, बोल्ट घट्ट करायचा आणि वरून पुन्हा थोडा रंग किंवा ग्रीस. अल्टरनेटरची ती शिट्टी, अॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी, ती निम्म्या वेळा इथल्याच आळसामुळे येते. उरलेल्या निम्म्या वेळा आरसीए केबल (हेडयुनिटमधून अॅम्पला सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरीला चिकटून नेल्यामुळे. बॅटरीची मूळ जाड केबल गाडीच्या ज्या बाजूने पुढे जाते त्याच्या दुसऱ्या बाजूने आरसीए न्यायची. एक गोष्ट मोठ्या अक्षरात : सीटच्या मागच्या पत्र्यात ड्रिल करू नका. त्याच्या पलीकडे पेट्रोलची टाकी आहे. वायर न्यायला आधीपासून रबरी ग्रोमेट (वायर जायच्या भोकातली रिंग) असलेली जागा शोधा, वेळ लागला तरी चालेल.

हेडयुनिट काढताना जे दिसलं ते बघून हसावं की रडावं कळेना. आधीच्या मालकाने कुठूनतरी टेप बसवून घेतला होता, बसवणाऱ्याने गाडीचं मूळ कनेक्टर कापून टाकलेलं, वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, ती टेप वितळून गूळ झालेली आणि दोन जोड उघडे पडून एकमेकांना बघत होते. पिवळी वायर म्हणजे कायमचा १२ व्होल्ट आणि ती उघडी, काही पेटलं नाही हे नशीब. जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने नवीन काही बसवण्याआधी डॅशच्या मागे टॉर्च मारून बघा. मी सगळं कापून साफ केलं, नवीन हार्नेस अडॅप्टर (वायरींच्या जुडग्याचं तयार कनेक्टर) घेतला, जोड दाबून क्रिम्प केले आणि वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). रंग बहुतेक सगळ्या हेडयुनिटच्या हार्नेसला सारखेच असतात, पिवळी कायमची, लाल चावीची, काळी अर्थ, पांढरी-करडी पुढचे स्पीकर, हिरवी-जांभळी मागचे.

यात एक गंमत निळ्या वायरीची. नुसती निळी म्हणजे मोटरच्या अँटेनाची आणि निळी-पांढरी म्हणजे अॅम्प चालू करायची. अॅम्पला चुकून निळी लावली तर बऱ्याच युनिटमध्ये रेडिओ लावला तरच अॅम्प जागा होतो, ब्लूटूथवर मुका. आणि उलट केलं तर ज्यांच्या गाडीला वर येणारा अँटेना आहे त्यांचा अँटेना फोनवरचं गाणं लावलं तरी वर येऊन उभा राहतो, फारच रुबाबदार दिसतं पण मोटर बिचारी फुकट झिजते.

हेडयुनिट कसं निवडावं याबद्दल माझं ठाम मत आहे, उघड्या गाडीत टचस्क्रीन नको. टप खाली असताना दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर, तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि बोटांचे ठसे दिसतात, गाण्याचं नाव दिसत नाही. गोल फिरणारं खरंखुरं व्हॉल्यूम नॉब पाहिजे, न बघता हाताला लागणारं, कारण या गाडीत व्हॉल्यूम सारखा वरखाली करावा लागतो, सिग्नलला थांबलं की कमी नाहीतर शेजारच्या गाडीवाला बघतो. वेगाप्रमाणे किंवा आतल्या आवाजाप्रमाणे व्हॉल्यूम आपोआप वाढवणारी सोय काही युनिटमध्ये येते, ऐकायला छान पण शांत गाण्यात ती भांबावते, मी बंद ठेवलीये. बाकी बघायचं म्हणजे प्रीआउट (अॅम्पकडे सिग्नल पाठवायचे आउटपुट) ४ व्होल्टचे असावेत, सबवूफरचा वेगळा आउटपुट असावा, फिल्टर आणि टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरला जरा थांबवायची सोय) आत असावं, आणि पुढचा भाग काढून खिशात टाकता यावा. कापडी टप ब्लेडने कापता येतो, महागडं काहीतरी चमकताना दिसलं तर स्टिरिओच्या चोरीपेक्षा टपाचं नुकसान जास्त होतं. ब्लूटूथवरचे कॉल विसरा. टप खाली असताना समोरच्याला फक्त वादळ ऐकू येतं, मग माइक कितीही चांगल्या जागी लावा.

हेडरेस्टचे स्पीकर ही या रिव्ह्यूमधली माझी लाडकी गोष्ट. पहिल्या पिढीतल्या काही गाड्यांना हे कंपनीतूनच येत, आणि चौथ्या पिढीत बोसचा नऊ स्पीकरचा सेट घेतला तर त्यातही हेडरेस्टमध्ये स्पीकर आहेत, म्हणजे बनवणाऱ्यांनाही हेच कळलेलं आहे की उघड्या गाडीत आवाज वाढवण्यापेक्षा तो कानाजवळ आणणं सोपं. मोकळ्या हवेत अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल फुकट मिळतात. दारातला स्पीकर कानापासून मीटरभर लांब, हेडरेस्टचा वीतभर, हिशोब तुम्हीच करा. एवढ्याशा अडीच इंची स्पीकरला किरकोळ पॉवर पुरते, पण त्याला बेस पाठवला तर तो फाटतो, म्हणून अॅम्पचे मागचे दोन चॅनेल त्यांना दिले आणि वायरीत १०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकला, ४ ओहमच्या स्पीकरला तो साधारण ४०० हर्ट्झच्या खालचं अडवतो. ८ ओहमचे स्पीकर असतील तर हाच कपॅसिटर २०० वर कापेल हे लक्षात ठेवा.

तोटे? आहेत ना. आवाज डोक्याच्या मागून येतो, त्यामुळे बँड समोर बसलाय असं वाटायच्या ऐवजी बँड तुमच्या मानेवर बसलाय असं वाटतं. टप खाली झाला की मी फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचं प्रमाण ठरवणारी सेटिंग) दोन-तीन घर मागे सरकवतो, तरी पुढचे जास्त आणि हेडरेस्ट जेमतेम जाणवतील एवढेच ठेवतो. टप लावलेला असताना पूर्ण बंद. उंच माणसाचे कान हेडरेस्टच्या वर जातात, त्याला फायदा कमी. सीट मागेपुढे सरकते तेव्हा खालची वायर अडकू नये म्हणून थोडा ढील आणि एक सुटणारं कनेक्टर द्यायचं, नाहीतर सीट काढताना वायर तुटते.

सबवूफर सगळ्यात शेवटी घ्यावा असं मी म्हणतो आणि घेतलाच पाहिजे असं म्हणत नाही. डिकीत ठेवायचा मोह होतो पण या गाडीत डिकी आणि केबिनच्या मध्ये पत्रा आणि पेट्रोलची टाकी, आवाज आत येतच नाही, डिकीचं झाकण मात्र मस्त थरथरतं आणि मागच्या गाडीवाल्याला फुकट कॉन्सर्ट. सीटखाली बसतो असं जाहिरातीत असतं, पण एमएक्स-५ ची सीट जवळपास जमिनीलाच टेकलेली असते, तिथे काही बसत नाही. उरली पॅसेंजरच्या पायाशी पुढची भिंत. पायोनियरचा हा डबा तिथे मावतो कारण जाडी फक्त ७ सेंटिमीटर, आतला वूफर २० बाय १३ सेंटिमीटरचा, अॅम्प आतच, बॉक्सवर १६० वॅट मॅक्स लिहिलंय ते मॅक्स म्हणूनच घ्या. टप लावून ऐकलं तर खरंच आश्चर्य वाटतं, बेस गिटारची एकेक नोट वेगळी कळते, ड्रमच्या किकला वजन येतं, आणि दारातले स्पीकर आधीच १०० हर्ट्झला कापलेले असल्यामुळे खाली जी पोकळी होती ती नेमकी भरते. अगदी खालची, ३०-४० हर्ट्झची पोटात जाणवणारी धडधड एवढ्याशा कोनकडून मागणं म्हणजे अन्याय आहे, ती येत नाही. टप खाली करून वेग घेतला की सबचं अस्तित्व पायाला कळतं, कानाला नाही. सोबत वायरवरचा छोटा रिमोट नॉब येतो तो हाताशी लावून घ्या, टपाबरोबर तो पण फिरवावा लागतो. उंच पॅसेंजर नेहमी बसत असेल तर त्याला आधी विचारा, पायाची जागा जाते आणि तक्रार रोज ऐकावी लागते. फेज स्विच (सबचा सिग्नल उलटा करणारा) दोन्हीकडे करून ऐका, ज्या बाजूला बेस भरीव वाटेल ती ठेवा, यात थिअरी लावत बसू नका.

ट्यूनिंगवर एक निवांत दुपार नक्की घालवा, सामानाइतकाच फरक त्याने पडतो. आधी सगळे बेस बूस्ट, लाउडनेस, थ्रीडी वगैरे बंद. अॅम्पवरचा गेन (हेडयुनिटच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायचा नॉब) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हेडयुनिटचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवायचा, गेन फाटेपर्यंत हळूहळू वाढवायचा आणि फाटला की थोडा मागे, तिथेच सोडायचा. टाइम अलाइनमेंट छोट्या गाडीत कशाला असं वाटतं, पण एक दार तुमच्या मांडीला चिकटलेलं आणि दुसरं अर्धा मीटर अजून लांब, आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे जवळच्या स्पीकरला साधारण दीड मिलिसेकंद थांबवायचं. थांबवलं की गाणारा दारातून उठून डॅशच्या मध्यावर येतो, हा बदल पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. फक्त पॅसेंजरसाठी मग ते बिघडतं, म्हणून बरोबर कोणी असेल तर बंद.

मी दोन प्रीसेट ठेवलेत. टप लावलेला : सब चालू, हेडरेस्ट बंद, इक्वलायझर जवळपास सरळ. टप खाली : दारांचा कट १२० पर्यंत वर, सब थोडा वाढवून, हेडरेस्ट चालू, १ ते २ किलोहर्ट्झला हलकासा उठाव. ३-४ किलोहर्ट्झला उठाव द्यायचा मोह होतो कारण पहिल्या पाच मिनिटांत सगळं खणखणीत वाटतं, अर्ध्या तासाने डोकं धरतं. तिथे हात लावू नका.

आता एक गोष्ट जी स्टिरिओच्या दुकानात कोणी सांगणार नाही. सीटमागे लावायचा विंड डिफ्लेक्टर आणि दोन्ही काचा वर, एवढं केलं की मागून फिरून मानेवर येणारा वारा कमी होतो आणि आहे तीच सिस्टिम एकदम मोठी वाटायला लागते. मी हा अॅम्पच्या आधी लावला असता तर कदाचित छोटा अॅम्प घेऊन भागलं असतं. टपाची रबरं आणि दाराची रबरं कडक झाली असतील तर ती पण बदला, टप लावलेला असतानाची शिट्टी त्यातूनच येते. आणि कानाची काळजी घ्या, अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबल आठ तास अशी आहे, आणि त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९१ ला दोनच तास. टप आणि काचा खाली असताना हायवेच्या वेगाला नुसता वाराच त्या ८५ च्या आसपास जाऊन बसतो. त्याच्यावर मात करेल एवढं संगीत लावायचं म्हणजे तुम्ही कुठे पोचता बघा. म्हणून लांबच्या पल्ल्याला मी टप खाली असेल तर अर्धा वेळ गाणी बंदच ठेवतो आणि एक्झॉस्ट ऐकतो, या गाडीचा तोही काही वाईट वाजत नाही.

मार्क द्यायचेच तर अॅम्प आणि हाय-पासला दहापैकी साडेनऊ, डॅम्पिंगला नऊ, हेडरेस्टला नऊ (बुटक्या माणसाकडून दहा), दारातल्या कोअॅक्सिअलना आठ, हेडयुनिटला साडेसात कारण त्याचा निळा डिस्प्ले रात्री डोळ्यात जातो आणि मंद करायची सोय मेन्यूत कुठेतरी सात पायऱ्या खाली, सबवूफरला टप लावून आठ आणि टप काढून चार. ज्यांचं बजेट थोडकंच आहे त्यांनी डॅम्पिंग, डिफ्लेक्टर आणि पॉवर पॅक एवढंच करावं, जुने स्पीकर फाटलेले नसतील तर तेच ठेवून बघावेत, बऱ्याच जणांना तिथेच थांबावंसं वाटेल. माझ्या यादीत आता एक छोटा डीएसपी (आवाजाचं डिजिटल ट्यूनिंग करणारा डबा) उरलाय, म्हणजे हेडरेस्टला वेगळा डिले देता येईल आणि ते मानेवर बसलेला बँड प्रकरण थोडं पुढे ढकलता येईल, पण तो ठेवायला गाडीत जागा कुठे आहे ते आधी शोधावं लागेल.